खिडकीतून दिसणारा बाजार, एक्स्प्रेशनिस्ट शैलीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या चित्रकलेच्या वर्गात भिंतीवर एक मोठं ॲक्रिलिक चित्र आहे. जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरची खिडकी, तिचे गज, आणि खाली सणाच्या आदल्या दिवशीचा जांभळी नाक्याचा बाजार. या चित्राबद्दल आणि असं चित्र स्वतः काढण्याबद्दल विद्यार्थी, पालक आणि चित्र विकत घेऊ पाहणारे तेच तेच प्रश्न पाठवत असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. पूर्ण नवखे असाल तर पहिल्यापासून वाचा. रंगवायला घेतलंच असेल तर थेट प्रश्न ७ वर जा.

१. एक्स्प्रेशनिस्ट चित्र म्हणजे नेमकं काय? साध्या भाषेत सांगा.

समोरची गोष्ट कशी दिसते यापेक्षा ती बघताना आत काय होतं, हे ज्या चित्रात महत्त्वाचं असतं ते. त्यासाठी चित्रकार रंग बदलतो, आकार ताणतो, जमीन तिरकी करतो. एडवर्ड मुंकचं १८९३ चं ‘द स्क्रीम’ बहुतेकांनी पाहिलेलं असतं. त्यातलं लालभडक आभाळ त्या माणसाच्या भीतीचं आहे. पुढे १९०५ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात किर्शनर, हेकेल, श्मिट-रॉटलुफ आणि ब्लायल या चौघा विद्यार्थ्यांनी ‘डी ब्र्युके’ हा गट काढला आणि या वळणाला चळवळीचं रूप आलं. १९११ मध्ये म्युनिकला कँडिन्स्की आणि फ्रान्झ मार्क यांचा ‘ब्लू रायडर’ गट उभा राहिला.

मुंबईशीही याचा जवळचा संबंध आहे. नाझींच्या काळात व्हिएन्नाहून इथे आलेले वॉल्टर लँगहॅमर यांच्या भडक, मोकळ्या रंगांचा परिणाम इथल्या तरुण चित्रकारांवर झाला. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधल्या फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची जाड काळी रेषा तर याच घराण्यातली म्हणावी लागेल.

२. इम्प्रेशनिस्ट आणि एक्स्प्रेशनिस्ट यांत दर वेळी गोंधळ होतो. फरक कसा ओळखायचा?

दोघांनी खिडकीतून काढलेले रस्ते शेजारी ठेवून बघा. इम्प्रेशनिस्ट कामी पिसारोला डोळ्यांचा त्रास होता. बाहेर वाऱ्याधुळीत बसणं जमेना, म्हणून तो हॉटेलच्या खोलीत खिडकीशी बसून रंगवायचा. १८९७ मध्ये त्याने पॅरिसच्या बुलेव्हार मोंमार्त्रची मालिका अशीच काढली. सकाळ, धुकं, रात्र. रस्ता तोच, उजेड वेगळा. त्याचा सगळा जीव उजेडात आहे. १९१३ ते १९१५ मधली एक्स्प्रेशनिस्ट किर्शनरची बर्लिनच्या रस्त्यांची चित्रं त्यानंतर पाहा. टोकदार माणसं, हिरवट-पिवळे चेहरे, अंगावर येणारा रस्ता. तिथे किती वाजले आहेत हे कळत नाही, पण त्या गर्दीत माणूस किती एकटा आहे ते लगेच कळतं.

३. बाजारच काढायचा तर सरळ बाजारात उभं राहून का नाही? खिडकी मध्ये कशाला?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे, आणि पुढची बरीच उत्तरं याच्यावर उभी आहेत.

बाजारात उभे असता तेव्हा तुम्ही गिऱ्हाईक असता. भाव, पिशवी, पायाखालचा चिखल यांत लक्ष असतं. खिडकीत उभं राहिलं की तुम्ही बघणारे होता. आत सावली, गारवा, घरातली शांतता. बाहेर ऊन, ओरडा, रंग. चित्राचा विषय या दोन्हींमधला ताण आहे, आणि खिडकी ही तो ताण दिसण्याची जागा. म्हणून खिडकी ही नुसती चौकट समजून कडेला चार रेघा मारल्या तर चित्र फसतं. आधी ठरवा: आतला माणूस कोण? घरात अडकलेली आजी? परीक्षेचा अभ्यास सोडून खाली बघणारा मुलगा? दुपारी जरा टेकलेली गृहिणी? आजीला बाजार हवाहवासा वाटतो, अभ्यासाला बसलेल्या मुलाला तो छळतो. रंग त्यावर ठरणार आहेत.

उंबेर्तो बोच्चोनीचं १९११ चं ‘रस्ता घरात शिरतो’ हे चित्र जरूर शोधून बघा. तो फ्युचरिस्ट, म्हणजे शहराचा वेग आणि धांदल रंगवणाऱ्यांपैकी होता, एक्स्प्रेशनिस्ट नव्हे. पण बाल्कनीतून वाकलेल्या बाईच्या अंगावर अख्खा रस्ता, बांधकाम, घोडे, माणसं कसे चालून येतात हे त्यात दिसतं. त्याच्या उलट मुंकचं १८९१ चं ‘र्‍यू लाफायेत’. त्यात बाल्कनीत उभा माणूस खालच्या रस्त्याकडे तटस्थपणे बघतो. बाजार आत घुसतोय की दूर राहतोय, या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी तुमचं चित्र असेल.

४. चित्रातल्या भाजीवालीचा चेहरा हिरवा का आहे? आणि टोमॅटो जांभळे कसे?

यातला अर्धा रंग मी बघितलेला आहे, अर्धा ठरवलेला.

दुपारी जांभळी नाक्यावर निळ्या ताडपत्रीखाली उभं राहून टोमॅटोच्या पाटीकडे नीट बघा. ताडपत्रीतून गाळून आलेल्या उजेडात लाल फार थोडा उरतो. त्यामुळे टोमॅटो काळपट, वांग्याकडे झुकलेले दिसतात. पालक-मेथी मात्र तशीच हिरवी राहते. विक्रेत्याने वर पिवळा दिवा टांगला असेल तर पाटीचा तेवढाच गोल पुन्हा लाल होतो. बाईच्या चेहऱ्यावर एका बाजूने ताडपत्रीचा निळा पडतो, दुसऱ्या बाजूने दिव्याचा पिवळा, आणि गालावर जिथे दोन्ही भेटतात तिथे मला नीट बघितल्यावर हिरवट झाक दिसली. आपला मेंदू ती पुसून टाकतो, कारण चेहरा गव्हाळ असतो हे त्याने आधीच धरलेलं असतं.

मी ती झाक वाढवली. का, तर खिडकीतून तिच्याकडे बघताना ती मला पहाटेपासून उभी, थकलेली वाटली, आणि त्या थकव्याला हिरवा शोभला. माझा नियम एकच: प्रत्येक बदललेल्या रंगाला कारण हवं. ‘भडक छान दिसतं’ हे कारण मी वर्गात चालवून घेत नाही.

५. माणसं वेडीवाकडीच काढायची, म्हणजे ड्रॉइंग आलं नाही तरी चालेल ना?

नाही. हात लांब काढायचा तर तो मुळात किती लांब असतो हे माहीत हवं. किर्शनर आणि त्याचे मित्र मॉडेलची झरझर रेखाटनं करायचे. तुम्हीही खिडकीत बसून माणसं रेखाटा. एकाला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ देऊ नका, कारण बाजारातला माणूस तेवढाच थांबतो. ओझं घेतलेल्या माणसाचा खांदा, वजन करताना काट्याकडे झुकलेली मान, जुडी उचलून देठ बघणारा हात, हे टिपता आलं की ताणायचं कुठे ते आपोआप कळतं.

६. तिसऱ्या मजल्यावरून बघताना पर्स्पेक्टिव्ह चुकतंच. माणसं घसरून पडतील अशी दिसतात.

क्षितिजरेषा नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे क्षितिजही तिथेच, आणि बाजारातल्या सगळ्यांची डोकी त्याच्या खूप खाली. जमीन एखाद्या उताराने वर चढत आल्यासारखी दिसते. बहुतेक जण सवयीने क्षितिज माणसांच्या डोक्याला टेकवतात, तिथे घोळ होतो.

ताळा करायला भाजीच्या गोल पाट्या बघा. बरोबर खिडकीखालची पाटी जवळजवळ पूर्ण गोल दिसते. जसजसं लांब जाल तसा तो गोल चपटा होत जातो आणि कौपिनेश्वर मंदिराच्या बाजूला पोचेपर्यंत नुसती पट्टी उरते. हा क्रम सांभाळला की माणसं घसरत नाहीत. खालच्या माणसाचं डोकं आणि खांदे तेवढे काढा, पाय फार आखूड ठेवा.

आणि मग, हे सगळं जमल्यावर, जमीन मुद्दाम आणखी उभी करा. जमीन उभी केली की माणसं एकामागे एक झाकली न जाता एकावर एक रचली जातात. आपल्या लघुचित्रांत दरबार आणि मिरवणुका अशाच रचलेल्या असतात, त्यामुळे आपल्या नजरेला हे परकं नाही.

७. सुरुवात कुठून करायची? मी आधी खिडकी काढते आणि मग बाजाराला जागाच उरत नाही.

खिडकी शेवटी पक्की करायची. मी वर्गात जो क्रम सांगते तो असा.

पहिल्यांदा पोस्टकार्डाएवढ्या कागदावर फक्त दोन छटा: आतला काळोख आणि बाहेरचा उजेड. बाहेरच्याला किती जागा द्यायची ते इथे ठरतं. निम्मं-निम्मं करू नका, चित्र मरतं. बाजार अंगावर यायला हवा असेल तर त्याला तीन चतुर्थांश द्या. आतला एकटेपणा हवा असेल तर उलट.

मग कॅनव्हासवर पांढऱ्यावर थेट न जाता आधी एक रंगीत अस्तर लावा. मी पातळ केशरी लावते. निळ्या ताडपत्र्यांच्या फटींतून ते डोकावतं आणि निळ्याला धार देतं, कारण निळा आणि केशरी एकमेकांचे विरोधी रंग. त्यावर ताडपत्र्या, छत्र्या, पाट्यांचे ढीग असे मोठे पट्टे. माणूस एकही नाही. पट्टे एकमेकांशी भांडायला लागले की गर्दी आलीच समजा.

त्यानंतर माणसं, आणि तीही सगळी नाहीत. तीन-चार जणांना अंग, हात, कृती द्या. बाकीचे डोकं आणि पाठीचा एक फटकारा. झेंडूच्या ढिगामागची बाई पूर्ण असेल तर तिच्या मागच्या वीस जणांना डोळा स्वतःच पूर्ण करतो.

गज सगळ्यात शेवटी. त्याबद्दल पुढचा प्रश्न पाहा.

८. खिडकीचे गज काढले की तुरुंग वाटतो. काय करू?

सगळे गज सारख्या जाडीचे, सारख्या काळ्या रंगाचे काढले की तसंच होणार. उजेडाच्या समोर धरलेला बारीक गज डोळ्याला आणखी बारीक दिसतो, उजेड त्याच्या कडा खातो. झेंडूच्या पिवळ्यावरून जाणारा गज म्हणून मधेच पातळ करा, एखाद्या ठिकाणी तुटू द्या. ताडपत्रीवरून जाणारा जाड चालेल. काळ्याऐवजी गडद जांभळा किंवा नीळ वापरा. एखाद्या ठिकाणी बाजाराचा रंग गजावरून आत येऊ द्या. माझ्या चित्रात एक केशरी फटकारा गज ओलांडून खिडकीच्या कट्ट्यावर उतरला आहे, त्यामुळे बाजार घरात आला.

अर्थात, प्रश्न ३ मध्ये तुम्ही घरात अडकलेली आजी निवडली असेल तर तुरुंग वाटायलाच हवा. तेव्हा गज जाडच ठेवा.

९. गजबज दाखवायला जातो आणि सगळा चिखल होतो.

विरोधी रंग ओले असताना एकमेकांत मिसळले की राखाडी होतात. लाल-हिरवा, पिवळा-जांभळा, निळा-केशरी शेजारी लावायचे, एकमेकांत घोळायचे नाहीत. ॲक्रिलिक असेल तर आधीचा थर सुकू द्या. तैलरंग असतील तर प्रत्येक रंगाला वेगळा ब्रश ठेवा.

दुसरं कारण रंगाचं नाही, रचनेचं आहे. सगळीकडे गजबज असली की कुठेच गजबज नसते. एक मोकळी जागा ठेवा: हातगाडी निघून गेल्यावर उरलेला ओल्या रस्त्याचा तुकडा, किंवा खिडकीच्या आतली नुसती भिंत.

१०. कुठले रंग, कुठले ब्रश? बजेट कमी आहे.

अल्ट्रामरीन (गडद निळा), एक थंड (जांभळ्याकडे झुकणारा) आणि एक उष्ण (केशरीकडे झुकणारा) लाल, एक पिवळा, व्हिरिडियन (निळसर हिरवा), टायटॅनियम व्हाइट. एवढ्यावर हे चित्र होतं. पैसे वाचवायचे तर रंगांच्या संख्येत वाचवा, ब्रशमध्ये नको. १० किंवा १२ नंबरचा ताठ केसांचा चपटा ब्रश घ्या. बारीक ब्रश हातात आला की माणूस नाकडोळे काढत बसतो. कॅडमियमचे रंग घेतलेत तर सुकलेला थर पॉलिशपेपरने घासू नका, ती धूळ फुप्फुसांना वाईट. टर्पेंटाइन बंद बेडरूममध्ये वापरू नका.

११. फोनवर फोटो काढून त्यावरून काढलं तर?

रचना आठवायला फोटो ठेवा. रंगासाठी नको. डोळा आत बघताना अंधाराला जुळतो, बाहेर बघताना उजेडाला. हा झोका म्हणजेच खिडकीत उभं राहण्याचा अनुभव. फोन हा झोका सपाट करतो. आतलं उजळ करतो, बाहेरचं मंद करतो, आणि दोन्हीकडचं सारखंच नीट दिसतं. तुम्हाला हवा असलेला ताण नेमका तिथेच जातो.

१२. आम्ही घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर राहतो. खिडकीतून पार्किंग दिसतं. मग?

उसनी खिडकी घ्या. गावठाणातल्या, नौपाड्यातल्या, स्टेशनजवळच्या जुन्या इमारतींत कुणी ना कुणी ओळखीचं निघतं. दुसरा-तिसरा मजला सगळ्यात चांगला, माणसाचे हावभाव तिथपर्यंत पोचतात. नवी मुंबईकरांनी सेक्टरच्या मार्केटवर उघडणाऱ्या पहिल्या मजल्याच्या खिडक्या शोधाव्यात.

उंचावरच राहायचं असेल तर मग माणसं सोडा आणि ताडपत्र्यांचे, छपरांचे रंगपट्टे घ्या. स्वतःच्या घरची खिडकी आणि आठवणीतला बाजार जोडलात तरी हरकत नाही. पण घराची खिडकी खरी, तिच्या कट्ट्यावरच्या कुंडीसकट, समोर बसून रंगवा.

१३. पावसाळ्यात हा विषय घ्यावा का?

घ्या. वरून छत्र्या दिसतात, ओल्या रस्त्यात दिव्यांच्या रेघा उतरतात, माणसं घाईत असतात. त्रास तंत्राचा आहे: दमट हवेत ॲक्रिलिक उशिरा सुकतं, आणि कॅनव्हास ओल आलेल्या भिंतीला टेकवून ठेवला तर मागून बुरशी धरतो.

१४. मुलीची इंटरमिजिएट आहे. स्मरणचित्रात बाजार आला तर अशी शैली चालेल का, मॅडम?

शासकीय रेखाकला परीक्षेच्या स्मरणचित्रात मानवाकृती, त्यांची हालचाल, रचना आणि रंगसंगती बघितली जाते. हिरवा चेहरा काढून तपासणाऱ्याला कोड्यात टाकू नये. मात्र खिडकीतून बघण्याची कल्पना तिथे खूप उपयोगी पडते. खिडकीची कड पुढे आली की चित्राला खोली (डेप्थ) मिळते, आणि निम्म्या जागेत माणसं काढायची वेळही वाचते. शैलीचे प्रयोग घरी, भरपूर करू द्या.

१५. बाजारातल्या माणसांची परवानगी घ्यायची का?

गर्दीतली ओळखू न येणारी माणसं असतील तर गरज पडत नाही. एखादी बाई रोजची, ओळखू येणारी असेल आणि चित्र प्रदर्शनात जाणार असेल तर खाली उतरा, विचारा, चित्र दाखवा. कायदा बाजूला ठेवू. तिच्या चेहऱ्यावर तुम्ही हिरवा रंग लावणार आहात, तर तिला ते आधी कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

१६. सूझा किंवा किर्शनर यांच्या चित्राची नक्कल करून विकली तर चालते का?

सरावासाठी घरी नक्कल करा, त्यातून खूप शिकता येतं. विकण्याची गोष्ट वेगळी. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. किर्शनर १९३८ मध्ये गेले, त्यामुळे तिथे अडचण नाही. ‘नक्कल’ असं स्पष्ट लिहा म्हणजे झालं. सूझा २००२ मध्ये गेले. त्यांच्या चित्रांवरचा हक्क अजून कितीतरी वर्षं चालू राहील. नेटवरच्या दुसऱ्या कुणाच्या फोटोवरून हुबेहूब चित्र काढून विकणं हेही याच सदरात येतं.

१७. मी चित्र विकत घेतलं. त्याचे प्रिंट काढून दिवाळीला वाटू शकतो का?

तयार चित्र विकत घेतलं असेल तर कॅनव्हास तुमचा, प्रती काढण्याचा हक्क चित्रकाराचा. विचारल्याशिवाय प्रिंट नको.

अपवाद बऱ्याच जणांना, चित्रकारांनासुद्धा, माहीत नसतो. ‘आमच्या घराच्या खिडकीतून दिसणारा बाजार काढून द्या’ असं सांगून, मोबदला देऊन चित्र मुद्दाम काढून घेतलं असेल आणि वेगळा काही करार नसेल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार पहिला हक्क चित्र काढवून घेणाऱ्याचा होतो. म्हणून फर्माइशीचं काम घेताना प्रिंटचं काय ते दोघांनी कागदावर लिहून घ्यावं.

१८. घरात कुठल्या भिंतीवर लावू? वास्तूप्रमाणे?

मी उजेड आणि ओल बघून सांगते. दुपारचं थेट ऊन पडणारी भिंत नको, बाथरूमच्या मागची भिंत नको, गॅसजवळ नको. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळती राहते. तैलचित्रावर काच लावू नका, आणि जाड थराच्या तैलचित्राला निदान सहा महिने वार्निश नको. खऱ्या खिडकीच्या अगदी शेजारीही हे चित्र लावू नये, खिडकीचा उजेड त्याला खातो. समोरच्या भिंतीवर लावा.

१९. अशी चित्रं प्रत्यक्ष बघायला ठाण्याहून कुठे जावं?

लोकलने सीएसएमटी, तिथून चालत काळा घोडा. १९५२ पासून सुरू असलेली जहांगीर आर्ट गॅलरी आणि जवळच, सर कावसजी जहांगीर हॉलमधली राष्ट्रीय आधुनिक कला दालनाची इमारत (सोमवारी बंद). काय लागलेलं आहे ते आधी पाहून जा. चित्राच्या हातभर जवळ जाऊन रंगाचा थर कुठून कुठे ओढला आहे ते बघा, मग दहा पावलं मागे या. पुस्तकातल्या छपाईत थराची जाडी दिसत नाही, आणि या शैलीत निम्मं बोलणं त्या थराचंच असतं.